मी खरा केवढा?

मागच्या हिवाळ्यात एका खेड्यात सप्त्याची सांगता होती. काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही महाप्रसादाच्या पंगतीस बसलो असता शेजारच्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने आम्हांस विचारले, ''महाराज, नातवंडं त्या पाळण्यांच्या बागेत न्या म्हणून धोशा लावत्यात. गळ्यात माळ असणाऱ्यानं तिकीट काढून असल्या ठिकाणी जावं का न्हाई?'' पंगतीत शास्त्रार्थ नको, असे म्हणून आम्ही हसून वेळ मारून नेली. पण खरे कारण निराळे होते. आठच दिवसांपूर्वी आम्ही स्वतः आमच्या नातवंडांना घेऊन तशाच एका ठिकाणी जाऊन आलो होतो, आणि तेथे आमच्या हातून असे काही घडले होते की, या विषयावर दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार आमच्यापाशी उरला नव्हता. त्या माळकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आज देतो, आणि त्याबरोबरच आमची ती गोष्टही वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम प्रश्न घेऊ. जावे की न जावे?

पूर्वपक्ष असा आहे : ही स्थाने म्हणजे भोगाचे बाजार. पैसा टाकून क्षणभराची धडकी आणि क्षणभराचा हर्ष विकत घ्यावयाचा, तो विरला की पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. अशाने कोवळ्या मनास चटक लागते. त्यापेक्षा पोरांना कणेरी मठावर न्यावे, तेथील सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांचे पुतळे आहेत, जुना गावगाडा कसा चालत होता तो दाखवावा. नाही तर जोतिबाच्या डोंगरावर न्यावे, चार पायऱ्या चढवाव्या.

ही सूचना उत्तमच आहे, आणि आम्ही दोन्ही ठिकाणी मुलांना नेलेलेही आहे. पण एवढ्याने पाळण्यात बसणे पाप ठरत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरीत जो गेला आहे त्याने तेथे आकाशपाळणा पाहिलेला आहे. इकडे टाळ-मृदंग वाजत असतात आणि तिकडे पाळण्याचे दिवे फिरत असतात, म्हणून पांडुरंगाने कधी विटेवरून पाय उचललेला नाही. संतांनी फुगडी, हुतूतू, हमामा, विटीदांडू या खेळांवर रचना केल्या त्या काही खेळाचा तिटकारा होता म्हणून नव्हेत. वाखरीच्या रिंगणात सत्तरीचे वारकरी पावली खेळतात, फुगड्या घालतात. आणि ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तर भगवान व्यासांनी सृष्टी कशासाठी केली या प्रश्नाचे उत्तर 'लीला' असेच दिले आहे. ज्याला काही मिळवावयाचे नाही तो केवळ खेळतो. ईश्वराच्या खालोखाल असा निर्हेतुक खेळ कोणाचा असेल तर तो लहान मुलाचा.

ही फिरती चक्रे परकी आणि परवाची, असेही कोणी समजू नये. तुकोबारायांच्याच काळात, इ. स. १६२० मध्ये, पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने तुर्कांच्या राज्यात माणसे बसवून फिरविली जाणारी लाकडी चक्रे पाहिली व त्यांचे वर्णन लिहून ठेवले. लोखंडाचे पहिले प्रचंड चक्र जॉर्ज फेरिस याने अमेरिकेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात १८९३ साली उभारले. त्याची उंची २६४ फूट होती आणि त्यास ३६ डबे होते. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याच शहरात, त्याच वर्षी ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलावयास उभे राहिले. म्हणजे स्वामीजींचा शब्द जेव्हा जगाने प्रथम ऐकला तेव्हा त्या गावात तो पाळणा फिरतच होता! रुळांवरून घसरणाऱ्या गाडीचा खेळ १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन याने सुरू केला. तो मोठा नीतिमान मनुष्य होता. दारूच्या गुत्त्यांचा त्यास संताप होता, आणि लोकांना तिकडून वळवावे, स्वच्छ हवेत निर्मळ करमणूक द्यावी, हा त्याचा हेतू होता. त्याची गाडी ताशी सहा मैलांच्या आसपास चाले. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईस १९८९ साली एस्सेलवर्ल्ड निघाले. शाळाशाळांच्या सहली तेथे गेल्या. २०२२ साली ते बंद झाले. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. आमच्या कोल्हापुरातली पोरेही रात्रीच्या गाडीने पहाटे तिकडे पोचतात आणि दुसऱ्या रात्री झोपेने डुलत परततात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर स्पष्ट आहे. वर्षातून एखादे दिवशी, ऋण न काढता, मुलाला हौसेने अवश्य न्यावे. माळेस काही बाध येत नाही. परंतु तेथे गेल्यावर माळ घालणाऱ्याने कसे वागावे, हा प्रश्न पाळण्याहून अवघड आहे; आणि आम्ही तेथेच घसरलो.

आता ती गोष्ट. ठिकाण शहराबाहेर, हमरस्त्यालगत आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण जो दोष झाला तो त्या ठिकाणाचा नव्हे, आमचा आहे. बरोबर दोन नातू होते. थोरला अकरा वर्षांचा, कन्येचा मुलगा. धाकटा मुलाचा मुलगा, त्यास नुकतेच सहावे लागलेले. हा धाकटा आम्हांस 'आबा' म्हणतो आणि आमचे बोट सोडून कोठे जात नाही. सूनबाईने दशम्या, शेंगांची चटणी बांधून दिली. पोरे रात्रभर धड झोपली नव्हती.

अशा पुष्कळ ठिकाणी लहान मुलाचे तिकीट वयावर न ठरविता उंचीवर ठरवितात. दाराशी एक फळी रोवलेली असते, तीवर रेघ. रेघेखाली डोके असेल तर सवलत, वर गेले तर पुरे तिकीट. आमचा धाकटा त्या रेघेच्या बोटभर वर जात होता. आम्ही ते दुरूनच ताडले. पुढे माणसांची गर्दी होती, खिडकीतल्या मुलाची मान वर नव्हती. आम्ही नातवाच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, ''बाळ, जरा गुडघे वाकव.'' त्याने वाकविले. डोके रेघेखाली गेले. दोन-तीनशे रुपये वाचले. आत शिरताना त्याने आमच्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि आम्हीही हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

सकाळ फार आनंदात गेली. घोड्यांच्या चक्रावर तो तीन वेळा बसला. घसरगुंडीवरून पाण्यात पडला. आगगाडीत बसून समोरच्या अनोळखी पोराशी त्याने मैत्री केली. आम्हीही त्याच्या आग्रहाखातर आकाशपाळण्यात बसलो. वरून जोतिबाचा डोंगर दिसतो का म्हणून पाहिले आणि पोटात खड्डा पडला तेव्हा 'पांडुरंगा' म्हटले. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सर्व भूतांस यंत्रावर बसवून फिरविलेल्यांची उपमा दिली आहे. चाळीस वर्षे आम्ही ती कीर्तनात सांगत आलो, पण तिचा अर्थ त्या दिवशी बुडाखालची फळी हलली तेव्हा कळला. खाली उतरण्याचा हुकूम आपल्या हाती नाही. ज्याच्या हाती कळ आहे तो थांबवील तेव्हाच उतरावयाचे.

दुपारी 'कोलंबस'ची पाळी आली. जत्रेत जाणाऱ्यांस हे नाव ठाऊक आहे. होडीच्या आकाराचे मोठे जहाज, दोन्ही टोकांस बाके, आणि ते झोक्यासारखे पुढे-मागे हेलकावे घेत उंच उंच जाते. थोरला रांगेत उभा राहिला. धाकट्याने हट्ट धरला, ''दादा बसतो तर मीपण.'' तेथेही फळी होती, तेथेही रेघ होती. पण ही रेघ पुष्कळ वर, आणि येथे डोके तिच्या वर गेले तरच प्रवेश. आमचा धाकटा चार बोटे कमी पडत होता.

आम्ही त्यास काहीही सांगितले नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. तो आपण होऊन फळीशी गेला, पाठ टेकून उभा राहिला, आणि त्याने टाचा उचलल्या. चवड्यांवर ताठ उभा राहून त्याने आमच्याकडे पाहिले आणि सकाळसारखेच डोळे मिचकावले.

आम्ही गप्प राहिलो. का गप्प राहिलो? पोराचा हिरमोड नको म्हणून, असे आम्ही त्या वेळी मनास सांगितले. पण खरे सांगावयाचे तर सकाळच्या डोळे मिचकावण्यात आम्ही त्याचे भागीदार झालो होतो. आता कोणत्या तोंडाने 'नको' म्हणणार?

तेथे राखणीस एक तरणा मुलगा होता. बोलण्यावरून भुदरगडाकडचा असावा. त्याने खाली पाहिले. काही न बोलता तो गुडघ्यावर बसला, धाकट्याच्या टाचेवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाला, ''पाय टेकव बघू, बाळा.'' टाचा जमिनीस लागल्या. मग तो उठून आमच्याकडे वळला. ''महाराज, बारक्या पोरास्नी ह्यो दांडा बसत न्हाई बघा. वर गेल्यावर निसटलं म्हंजे काय करायचं?'' आम्ही काही बोललो नाही. त्याने पुन्हा निरखून पाहिले आणि विचारले, ''तुम्ही आमच्या गावात काल्याला आलता न्हवं?''

त्याच्या मनात टोमणा नव्हता. ओळख पटली म्हणून तो आनंदाने बोलला होता. आम्ही 'हो' म्हणालो, आणि नातवाचा हात धरून बाजूच्या झाडाखाली जाऊन बसलो.

त्या दांड्याचे मर्म आम्ही नंतर एका जाणत्यास विचारून समजून घेतले, ते येथे सांगून ठेवतो, कारण आजी-आजोबांस ते ठाऊक असणे जरूर आहे. जहाज टोकाशी उंच जाऊन क्षणभर थबकते आणि उलट फिरते. त्या क्षणी बसलेल्या माणसाचे अंग हलके होते, बाकावरून उचलल्यासारखे वाटते. पोटात जो गोळा येतो तो याचाच. तेवढ्या वेळात माणसास धरून ठेवणारा तो मांडीवरचा दांडाच असतो. पण दांडा थोरामोठ्यांच्या मांडीच्या बेताने केलेला. बारीक अंगाच्या मुलाच्या आणि दांड्याच्या मध्ये पोकळी राहते. शिवाय लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि मान नाजूक. हिसका बसला तर ते सावरणे त्यास कठीण. म्हणून ती रेघ. ती मालकाने लहर लागली म्हणून ओढलेली नाही. मुलाचा जीव कोणत्या बिंदूपासून दांड्याच्या हवाली करता येईल, ते ती सांगते. आम्ही गप्प राहून नेमका तो बिंदू खोटा ठरवावयास निघालो होतो.

झाडाखाली धाकटा बराच वेळ मुसमुसत होता. वर थोरल्याच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. मग डोळे पुसून त्याने विचारले, ''आबा, दारात मी छोटा झालो तेव्हा चाललं. मग इथं मोठा झालो ते का नाही चाललं?'' आणि आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत आहो तोच पुढे म्हणाला, ''मग मी खरा केवढा आहे?''

वाचकहो, आम्ही पाठशाळेत गुरूंच्या पायाशी बसून वेदांताचे जे काही अध्ययन केले त्याचा आरंभ याच प्रश्नापासून झाला. 'मी कोण? केवढा?' शिष्याने असे विचारावे आणि गुरूने उत्तर द्यावे, ही आपली परंपरा. पण आमच्यापाशी त्या घटकेस उत्तर नव्हते. एक पळवाट होती. 'बाळ, तू देह नव्हेस. तुला उंचीच नाही,' असे सांगता आले असते. परमार्थदृष्ट्या ते वाक्य निर्दोष आहे. पण सकाळी देहाची उंची कमी करून पैसे वाचवावयाचे आणि दुपारी पकडले गेल्यावर 'उंची मिथ्या आहे' म्हणावयाचे, हे अद्वैत नव्हे, ही लबाडी. व्यवहार आहे तोवर व्यवहाराचे माप खरे ठेवावे लागते. आचार्यांनीही ज्ञान होईपर्यंत व्यवहाराचे प्रामाण्य मोडलेले नाही. तिकीट चुकविण्यासाठी वेदांत सांगितलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, ''महाराज, तुम्ही राईचा पर्वत करता. दोन-तीनशे रुपयांची गोष्ट. एस. टी.त पोराचे वय चोरणारा मनुष्य गावोगाव आहे. शिवाय शास्त्रानेही पाच ठिकाणी असत्याची मुभा दिली आहे. थट्टेत बोललेले खोटे खोटे नव्हे, असे महाभारतातच आहे.''

वचन आहे, यात शंका नाही. पण ते कोठे आहे आणि कोणाच्या तोंडी आहे, हे पाहावे. ते आदिपर्वात शर्मिष्ठेच्या तोंडी आहे, आणि ऐकणारा ययाती राजा आहे. शुक्राचार्यांस दिलेल्या शब्दापुढे राजा अडखळला, तेव्हा त्यास वळविण्यासाठी तिने ते सांगितले. म्हणजे सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता, आणि ऐकणाऱ्यास ते ऐकावयाचेच होते. पुढे काय झाले? ती मुभा शुक्राचार्यांनी मान्य केली नाही. ययातीस भर तारुण्यात जरा प्राप्त झाली. मग त्याने काय केले? एकेका पुत्रास बोलावून 'माझे म्हातारपण तू घे' म्हणाला. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू या चौघांनी नकार दिला. सर्वांत धाकटा पुरू, त्याने मात्र ते मस्तकी धरले. बापाचा भोग चालावा म्हणून मुलाची पाठ वाकली. आमच्याच कोल्हापुरात राहून वि. स. खांडेकरांनी या राजावर 'ययाति' ही कादंबरी लिहिली. ती १९५९ साली निघाली, आणि पुढे तिच्या कर्त्यास १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खांडेकरांची कथा निराळ्या वाटेने जाते, आम्ही येथे मूळ भारताचीच कथा धरली आहे. ययातीवर आम्ही आजवर किती कीर्तने केली असतील! प्रत्येक वेळी श्रोत्यांस विचारले, असा बाप असतो काय? आणि त्या दिवशी दाराशी, दोन-तीनशे रुपयांसाठी, सहा वर्षांच्या पोरास आम्ही म्हाताऱ्यासारखे गुडघ्यात वाकविले. पुरूने निदान समजून उमजून घेतले होते. आमच्या नातवाने आजोबांवरच्या विश्वासाने घेतले.

आणि दुपारच्या टाचा? त्यासाठी द्रोणपर्व उघडावे. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळाने पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयी तो अर्धे असत्य बोलला, आणि रथ जमिनीस टेकला. आमच्या नातवाच्या टाचाही चार बोटेच वर गेल्या होत्या. धर्मराजाला जे सत्याने उचलले होते ते असत्याने खाली आणले. आमच्या पोराला असत्याने उचलले होते, आणि भुदरगडच्या एका साध्या मुलाच्या हाताने खाली, सत्यावर, आणले. जमिनीवर येणे धर्मराजास शिक्षा होते. आमच्या नातवास ते जीवदान झाले असेल, कोणी सांगावे?

राईचा पर्वत आम्ही करीत नाही. राई आम्ही पेरली होती आणि दोन प्रहरांत ती उगवली, एवढेच सांगतो. सकाळची रेघ पैशाची होती, दुपारची जिवाची. थोरांना हा भेद कळतो. म्हणूनच 'पैशाच्या रेघेशी थोडे इकडे-तिकडे चालते' अशी ते मनाची समजूत घालतात. मुलाला तो भेद कळत नाही. त्याने एवढेच शिकले की, रेघ ही चुकविण्यासाठी असते आणि चुकविली म्हणजे आबा हसतात.

मूल असे किती काळ ध्यानात ठेवते, याचा दाखला दुसरीकडे शोधावयास नको. आम्ही लहान असताना वडिलांनी एकदा एस. टी.त आम्हांस मांडीवर निजवून वर उपरणे टाकले होते. कंडक्टर येई तो डोळे मिटून पड, अशी सूचना होती. आम्ही कोठे जात होतो, कोणाच्या लग्नास की कीर्तनास, यातले काही आठवत नाही. उपरण्याखालचा तो अंधार, कोंडलेला श्वास आणि वडिलांच्या मांडीची थरथर मात्र आज साठ वर्षांनंतरही जशीच्या तशी आठवते. वडिलांपाशी त्या दिवशी खरोखरच पैसे नव्हते, हे मोठेपणी कळले. ती मांडी लाजेने थरथरत होती. आमच्या खिशात पैसे होते, आणि आम्ही हसत होतो. दोघांच्या खोट्यात एवढे अंतर आहे, आणि ते आमच्या बाजूचे नाही.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू घरी निघालेल्या शिष्यास प्रथम सत्य बोलावयास सांगतात. आणि पुढे एक फार प्रामाणिक गोष्ट सांगतात : आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू उचल, इतर उचलू नकोस. गुरूंनाही आपल्या हातून चुकते याची जाणीव होती. आमचे मन लागलीच या वचनाच्या आश्रयास धावले. पण मग ध्यानात आले की, हे वचन बारा वर्षे अध्ययन करून निवडण्याची बुद्धी आलेल्या स्नातकास सांगितलेले आहे. सहा वर्षांच्या पोराजवळ चाळण नसते. त्याला आजोबा सगळेच्या सगळे खरे वाटतात. तेव्हा निवडण्याचे काम त्याचे नव्हे, आपले. त्याच्यासमोर जे करू ते निवडून करावे, आणि चुकले तर त्याच्यासमोरच दुरुस्त करावे.

दुरुस्तीची वाटही शास्त्रात आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना आपले पाप बोलून दाखविणे आणि अनुताप ही दोन तप आणि अध्ययन यांच्या बरोबरीने सांगितली आहेत. हा लेख त्यातील पहिल्या साधनासाठी लिहीत आहो. पण घेतलेले परत केल्यावाचून नुसता अनुताप म्हणजे चोरीचा माल घरात ठेवून केलेले नामस्मरण.

म्हणून संध्याकाळी परतताना आम्ही धाकट्याला घेऊन पुन्हा दाराशी गेलो. त्यास म्हणालो, ''बाळ, आता सरळ उभा राहा. गुडघे ताठ, टाचा खाली.'' तो उभा राहिला. डोके रेघेच्या बोटभर वर. ''हा बघ, तू खरा एवढा आहेस. सकाळी आबांनी तुला खोटा लहान केला. ते आबांचे चुकले.'' मग खिडकीतल्या मुलास आम्ही सर्व सांगितले आणि राहिलेले पैसे पुढे केले. तो गोंधळला. ''जाऊ द्या ओ आजोबा, कोण बघतंय!'' म्हणाला. कोण बघत होते ते आमच्या बोटास धरून उभे होते. आम्ही हट्ट धरला तेव्हा त्याने आत जाऊन कोणास विचारले व पैसे घेतले. पोराने ते सारे टक लावून पाहिले. त्यास काय वाटले, ते त्याने सांगितले नाही. भूक लागली, एवढेच म्हणाला. रंकाळ्यावर भेळ घेतली. घरी गेल्यावर त्याने आईस पहिली बातमी दिली ती घोड्यांची नव्हती आणि पाण्याचीही नव्हती. ''आई, आबा चुकले होते!'' घरात हशा झाला. आम्हीही हसलो, पण सकाळचे हसणे आणि हे हसणे यांत पुष्कळ फरक होता.

हे सांगून आम्ही शुद्ध झालो, असा आमचा दावा नाही. भुदरगडच्या त्या मुलाची नजर खाली गेली नसती तर? या 'तर'चे उत्तर कोणत्याही प्रायश्चित्तात नाही. ते आठवून रात्री दचकणे, हाच त्याचा दंड. आणि त्या मुलाचे उपकार आम्ही मानतो. त्याने आमच्याकडून काल्याचे कीर्तन ऐकले होते. आम्ही त्याच्याकडून सत्याचे निरूपण ऐकले, तेही दोन वाक्यांत.

त्या माळकऱ्यास आता आमचे उत्तर असे आहे : बाबा, नातवंडांना घेऊन खुशाल जा. पाळण्यात बसवा, तुम्हीही बसा, पोटात गोळा आला तर देवाचे नाव घ्या. एक मात्र करा. दारातल्या रेघेशी मुलाला सरळ उभे राहू द्या. आणि आतल्या रेघेशी तो कमी पडला तर त्यास जवळ घेऊन सांगा की, 'अजून तू एवढा झाला नाहीस, पुढच्या खेपेस होशील.' तो रडेल. त्यास रडू द्या. पाळणा चुकल्याचे रडणे घटकाभराचे असते.

आषाढी एकादशीस ज्यांना पंढरीस जाणे होत नाही ते आम्ही कोल्हापूरकर पालखीबरोबर नंदवाळास जातो. वाटेत पुईखडीला रिंगण होते. तेथे गर्दी इतकी असते की लहान मुलाला पुढच्यांच्या पाठींपलीकडे काही दिसत नाही. येत्या आषाढीस धाकट्याला आम्ही खांद्यावर घेणार आहो. तेव्हा तो आमच्याहून उंच होईल, त्यास अश्व दिसेल, पताका दिसतील. ती उंची त्याची नसेल, आमची असेल. पण ती सर्वांच्या देखत दिलेली असेल, आणि तिने कोणाची फसवणूक होणार नाही. मुलाला उंच करण्याचा हा एक मार्ग आजोबांस मोकळा आहे. आमच्या गुडघ्यांनी तेवढी साथ द्यावी, एवढेच आता पांडुरंगाजवळ मागणे.

राम कृष्ण हरि.